हॅस्केटचे शब्द

हॅस्केट
रविवार, १९ फेब्रुवारी २०१७

प्रिय गेलन,

अनेक आशीर्वाद. तू आणि लिसा दोघंही खुशाल असाल. माझ्या गुडघ्याची कुरकुर सोडली तर मीही धडधाकट आहे.

फोन सोडून बहिणीने कागद घेतला हे बघून तू हसशील. हस. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी तोंड उघडलं रे उघडलं की "जो, एक मिनिट, जो, ऐक तर," आणि मग मीच अर्धा तास ऐकत बसते. कागदावर तुला ते जमायचं नाही.

शेल्बीने शाळेचं शेवटचं वर्ष तुझ्याकडे, बेकन हिलला येऊन काढावं, तुझ्या बास्केटबॉल टीममध्ये खेळावं, हे मी तिच्या कानावर घालावं असं तू सोमवारी म्हणालास. घातलं. तिचं उत्तरही मिळालंय. पण नुसतं उत्तर लिहून पाकीट चिकटवलं तर तू म्हणशील, जोने स्वतःच्या मनचं घुसडलं. म्हणून जरा दमाने घे. तिचा घोटा कसा आहे असंही तू विचारलं होतंस. त्याचंही येईल.

आधी इकडची खबर. थंडी हाडात शिरून बसलीय, जायचं नाव नाही. चर्चचा हॉल गरम करणारी भट्टी पुन्हा बंद पडली, त्यामुळे मागच्या रविवारी आम्ही अंगावर कोट घालूनच कोलाचे, आपले गोड पाव, विकले. खसखशीचे हातोहात गेले, जर्दाळूचे उरले, नेहमीसारखेच. मिलो क्रेचीने तुझी आठवण काढली. चांगल्या शब्दांत नाही काढली, पण काढली. रेने बरी आहे, शेल्बीचं सगळं आईच्या मायेने एकटीच बघते. तुझ्याबद्दल ती काही बोलत नाही आणि मी विचारत नाही. पोल्का गेली ते तुला नोव्हेंबरमध्ये कळवलंच होतं. चौदा वर्षं घरात वावरलेली कुत्री ती, आणि तू फोनवर नुसता अंगठा पाठवलास. तो अंगठा मी शेल्बीला दाखवला नाही.

शाळेचं म्हणशील तर पुढच्या वर्षी मुलींची टीम हॅस्केटची अशी राहणारच नाही. मुली आहेत कुठे? नववीत मिळून तिघी खेळणाऱ्या, त्यातल्या एकीला बॉलची भीती वाटते. बोर्डाने शेजारच्या शाळेबरोबर एकत्र टीम करायचं ठरवलंय. नाव त्यांचं, मैदान त्यांचं, शिकवणारे त्यांचे. आपल्याकडून काय, तर बस आणि डिझेल. मीटिंगमध्ये कोणी ओरडलंसुद्धा नाही. दहा वर्षांपूर्वी या गावात अशा गोष्टीवरून खुर्च्या उडाल्या असत्या.

आणि शब्द गेले. तुझे शब्द. तुझ्या जागी आलेला तो कोल्टन (शिक्षक म्हणायचं, पण अजून दाढी धड उगवत नाही त्याला) त्याने जानेवारीच्या शेवटी चौथीपासून अकरावी-बारावीपर्यंत सगळ्यांना डावांच्या नावांऐवजी आकडे दिले. एक, दोन, तीन, चार. शनिवारी सकाळी माझ्या चिमुरड्या कोर्टवर उभ्या राहतात, मी "चार!" म्हणते आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत राहतात. एक पोर म्हणाली, "मिस जो, चार म्हणजे आधीचं काय?" मी म्हटलं, आधीचं काही नाही, चार म्हणजे चार. तिला ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही.

तू शिकवायला लागलास तेव्हाचं आठवतं का रे? सव्वीस वर्षांचा होतास. फळ्यावर गोल आणि बाण काढून काढून थकलास, पोरींच्या डोक्यात काही शिरेना. मग एक दिवस खडू फेकून दिलास आणि म्हणालास, "जो, यांना बाण कळत नाहीत, गाव कळतं." दोघी खांद्याला खांदा लावून आडव्या उभ्या राहतात आणि तिसरी त्यांच्याआडून सुटते, ते 'फाटक', कारण मालगाडी येते तेव्हा रेल्वेच्या फाटकाशी असंच होतं. उंच मुलगी बास्केटखाली गाडल्यासारखी उभी आणि बाकीच्या तिच्याभोवती फिरतात, ती 'टाकी', गावच्या पाण्याच्या टाकीसारखी. बॉल घेऊन मधोमध यायचं, थांबायचं, कोण अंगावर येतंय ते जोखायचं, तो 'काटा', धान्याचे ट्रक तोलतात तो. घाई करायची नाही, सावकाश खेळायचं, ती 'लायब्ररी'. चौथीची पोर जे शिकेल तेच बारावीची खेळेल, एकही शब्द बदलायचा नाही, हा तुझा नियम. मी लहानग्यांना शिकवायचं, तू मोठ्यांना. वर गेल्यावर पोरीला नव्याने काही शिकवावंच लागायचं नाही. गावसुद्धा शिकलं. दुकानाच्या दारात दोन म्हातारे गप्पा मारत अडून बसले की मागचा ओरडायचा, "फाटक, फाटक!" आणि ते बाजूला व्हायचे.

'पोल्का' शब्द तेवढा तुझा नव्हता. तो शेल्बीचा. नऊ वर्षांची होती. समोरून हाक मारली की कुत्री येतेय येतेय असं दाखवायची आणि घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरायची, तसं बॉल घ्यायला पुढे आल्यासारखं करायचं आणि सटकन मागून बास्केटकडे पळायचं. शेल्बीने ते माझ्या शनिवारच्या वर्गात करून दाखवलं आणि नावही तिनेच ठेवलं. तू दारात उभा होतास. "हे राहील," म्हणालास. बस, एवढंच. पण ती घरी जाताना माझ्या गाडीत गप्प बसेना. "आत्या, मोठ्या मुलीपण माझा शब्द वापरणार," हेच पालुपद, पार घर येईपर्यंत.

आता ऑगस्टबद्दल. तू गेलास मे महिन्यात. कोल्टन आला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, शब्द बदलूया, तो माणूस आता त्या गोटात आहे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अरे, या पोरी आठ-आठ वर्षं हे बोलतायत, झोपेत विचारलं तरी पाय हलतील, आणि तू आकडे शिकवणार? बोर्डाने मला विचारलं, मी तिथेही भांडले. मी जिंकले. कारण जत्रेत तू मला लिंबू सरबताच्या गाडीपाशी भेटला होतास आणि मी स्पष्ट विचारलं होतं. तू काय म्हणालास? "मला काय करायचंय तुमच्या शब्दांचं? ठेवा की." मी ते 'तुमच्या' ऐकलं होतं. तरी ठेवले.

तिकडे तू बेकन हिलच्या पोरींनाही तेच शब्द शिकवलेस हे मला कळलं तेव्हा हसू आलं. तिथे रेल्वे नाही, धान्याचा काटा नाही, पोरींना फाटक कशाशी खातात ते ठाऊक नाही. पण ठीक, तुझे शब्द, तू ने. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारबद्दल आपण अजून बोललो नाही. तू फोनवर "कडक मॅच झाली" म्हणालास आणि मी "हो" म्हटलं. आज बोलते.

अर्धं गाव तुमच्या जिममध्ये आलं होतं. लोकांना खरंच तुला बघायचं होतं रे. मिलोसुद्धा नवी टोपी घालून आलेला. शेल्बी बॉल घेऊन पुढे आली, हात वर केला, "फाटक!" आणि आपल्या पोरी वळायच्या आत तुझ्या बेंचवरून आवाज आला, "फाटक! उजवीकडून!" तुझ्या दोघी तिथे हजर. मग तिने 'टाकी' म्हटलं, तू 'टाकी' म्हटलास. तिने 'काटा' म्हटलं, तू 'काटा' म्हटलास. सुरुवातीला आपले लोक हसले, त्यांना वाटलं गेलन गंमत करतोय. मग हसणं थांबलं. मिलो उठून उभा राहिला आणि ओरडला, "गेलन, लाज आहे का रे?" तू मान वळवली नाहीस. कोल्टनने पोरींना जवळ बोलावून हातांच्या खुणा करा म्हणून सांगितलं. खुणा कोणाच्या? त्याही तुझ्याच.

मध्यंतराच्या जरा आधी तिने 'पोल्का' लावली. ओरडली नाही. शेजारून जाणाऱ्या मैत्रिणीला नुसतं ओठांनी सांगितलं. मी समोरच बसले होते, मलाही ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. आणि तू रेषेवर उभा राहून, गुडघ्यांवर हात टेकून, तिच्या तोंडाकडे बघत होतास. "पोल्का! मागे, मागे, पाठीमागे!" तुझ्या टीममधली पोर आधीच मागे पोचली होती. बॉल तिच्या हातात अलगद पडला. तुझ्या बेंचवर सगळ्या नाचल्या. तू त्या मुलीच्या पाठीवर थाप मारलीस.

मध्यंतरानंतर शेल्बी बॉल घेऊन पुढे आली आणि उभी राहिली. तुझ्या टीमची पोर हात पसरून तिच्यासमोर. आपल्या चौघी तिच्याकडे बघतायत, ती कोणाकडेच बघत नाही. एक शब्द नाही. वेळ भरली म्हणून पंचाने शिट्टी वाजवली, बॉल तुम्हाला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. कोल्टन घसा फोडून ओरडतोय, "काहीतरी बोल! काहीही बोल!" तिसऱ्या वेळी त्याने तिला बाहेर घेतलं. ती बेंचवर बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

शेवटी हस्तांदोलनाच्या रांगेत तू तिच्यासमोर आलास. "छान खेळलीस, शेल," म्हणालास. खांद्यावर थोपटलंस आणि पुढच्या मुलीचा हात हातात घेतलास.

आता तू म्हणणार, जो, खेळ आहे, मी बेकन हिलचा पगार घेतो, माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. कबूल. कोणीही केलं असतं. पण गेलन, ते बाकीचे कोणी तिचे बाप नाहीत.

घोट्याला काही झालेलं नाही. मॅचनंतरच्या सोमवारी सकाळी तिने गणवेश धुऊन, घडी करून कोल्टनच्या खुर्चीवर ठेवला आणि वर्गात जाऊन बसली. दुकानात कोणी मला विचारलं, शेल्बी का नाही खेळत, आणि माझ्या तोंडातून घोटा निघाला. मला दुसरं सुचलंच नाही. मग काय, तासाभरात गावभर घोटा. बिचारी पोरगी माझ्या थापेपायी आठवडाभर लंगडत चालली, आणि कोणत्या पायाने लंगडायचं ते रोज विसरायची. एकदा ती आणि मी त्यावर हसलो. तेवढंच हसलो या महिन्यात.

तर, तुझा निरोप. काल शनिवार, चिमुरड्यांचा वर्ग संपत आलेला, मी तिला बोलावून घेतलं. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. लिसाने खोली रंगवली आहे. शब्द तेच आहेत, पहिल्या दिवसापासून मैदानात उतरशील. बाबा म्हणतात, तिकडे कॉलेजवाले बघायला येतात, इथे आता कोण येणार. मी तुझी वकिली केली, गेलन. मनापासून केली. इथे तिच्यासाठी खरंच काही उरलेलं नाही, हे मलाही दिसतं. ती हो म्हणाली असती तर मी रडले असते आणि तिची बॅग भरून दिली असती.

ती ऐकत होती. खाली एक चिमुरडी येऊन म्हणाली, "शेल्बी, चार कसं करायचं ग?" ही उठली, खाली गेली, तिला पायांनी करून दाखवलं, परत येऊन बसली.

मग म्हणाली, "आत्या, त्या दिवशी बाबा माझ्या तोंडाकडे कसे बघत होते, पाहिलंस?"

मी म्हटलं, पाहिलं.

"डोळेसुद्धा मिटत नव्हते. घरी होते तेव्हा जेवताना मी काही सांगायला लागले की ते मीठ आणि मिरपूड घेऊन खेळ मांडायचे. मीठ इकडे, मिरपूड तिकडे, चमचा मधून पळतोय. आई ओरडायची. ते हं, हं म्हणायचे. मला वाटायचं, एकदा तरी वर बघा. माझा वाढदिवस होता तेव्हापण वाटायचं. आणि त्या दिवशी बघितलं. खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. 'फाटक' म्हटलं तेव्हा, 'टाकी' म्हटलं तेव्हासुद्धा. मला वाटलं, बाबा माझ्याकडे बघतायत. मग 'पोल्का'ला कळलं, का बघतायत ते."

मी रुमाल काढून मांडीवर ठेवला. तीच पुढे म्हणाली, "म्हणून मी गप्प राहिले. म्हटलं बघू, मी काहीच बोलले नाही तर किती वेळ बघतात."

"आणि?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"शिट्टी वाजली, बॉल त्यांना मिळाला. ते बॉलकडे बघायला लागले."

मग तिने माझा रुमाल मला दिला, कारण तो माझ्याच मांडीवरून खाली पडला होता, आणि म्हणाली, "नाही म्हणून कळव. चिडून लिहू नकोस हं आत्या, साधं लिही."

साधं लिहायला मला जमलं नाही. पण उत्तर नाही असं आहे. तुझ्याकडे नाही, त्या एकत्र टीममध्ये नाही, कुठेच नाही. शाळा सुटल्यावर ती आता जनावरांच्या डॉक्टरांकडे पिंजरे धुवायला जाते. तिथे कोणी फारसं बोलत नाही, हे तिला आवडतं. "जो, तू तिला समजाव, वेळ जाऊ दे," असं तू म्हणशील. मी समजावणार नाही, आणि वेळ गेल्याने काही होईल असंही मला वाटत नाही. तसं वाटलं असतं तर तुझ्यासाठी लिहिलं असतं.

मला या पत्राचं उत्तर नको. लिहायचंच असेल तर तिला लिही, आणि त्यात खेळाबद्दल एक अक्षर असू देऊ नकोस. किती ओळी होतात ते बघ. मी काल घरी येऊन तुझ्या वतीने लिहून बघितलं, गेलन, तुला ओळखते म्हणून. 'प्रिय शेल्बी'च्या पुढे मला काही सुचलं नाही.

काय करू, तुझीच थोरली बहीण,
जो